दादाला यंत्रात ऐकू आलेला आवाज

माझा थोरला भाऊ सुखदेव बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसे. तो ओठांकडे बघायचा. नवा माणूस त्यामुळे बिचकायचा. बायका पदर तोंडावर ओढून घ्यायच्या आणि वहिनीकडे तक्रार करायच्या. एकदा शेजारच्या म्हातारीने त्याला तोंडावरच विचारलं, "काऊन रे सुखदेव, माह्या तोंडात काय सोनं हाये, टकमक पाहून राह्यला?" दादा जराही न चिडता म्हणाला, "मावशी, तुहे ओठ हालून राह्यले का नाही ते पाहून राह्यलो. हालले तं मावशी बोलली. नाही हालले तं लाइनवाला बोलला."

लाइनवाला म्हणजे त्याच्या डोक्यात बोलणारा आवाज. दादाला बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. तोवर नजर, करणी, बाहेरची हवा असे बरेच शब्द येऊन गेले होते. मोताळा तालुक्यातल्या आमच्या धामणगाव बढे गावाला मात्र पहिल्या दिवसापासून एकच शब्द पुरला. येडा.

दादाचा धंदा माईक आणि भोंगे भाड्याने लावण्याचा. बसस्टँडच्या मागे एक लहानसं दुकान, त्यात चार भोंगे, दोन अँप्लिफायर आणि वायरींची भेंडोळी. लग्न असो, बारसं असो, ग्रामसभा असो, दादाची सायकल पुढे आणि भोंगे मागे. कुठल्या भोंग्याचा पडदा फाटलाय, कुठल्या वायरीला अर्थिंग नाही, हे तो लांबून ऐकून सांगायचा. दुसरे माईकवाले हातात माईक आला की पाव्हण्यांचं स्वागत सुरू करत. दादा "एक, दोन, तीन" एवढंच म्हणे आणि माईक खाली ठेवी. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "माईक कोनाचा दोस्त नाही बे विन्या. जे बोलशीन तेच मोठं करते. म्हनून कमी बोला."

त्याचा आजार उघड झाला तोही एका लग्नात. मंगलाष्टकं चालू होती. दादाला भोंग्यातून नवरीला दिलेल्या घाणेरड्या शिव्या ऐकू येऊ लागल्या. लग्नघरच्या मुलीची अब्रू जाते म्हणून त्याने पक्कड घेतली आणि वायरच कापली. मांडवात एकदम शांतता झाली. मग लोकांनी त्याला मारलं. मार खाताना तो एवढंच म्हणत होता, "पोरीले काही म्हनू नका हो." तो मार त्याने एका अनोळखी मुलीसाठी खाल्ला, हे मला कळायला फार वर्षं लागली. त्या वेळी मला एवढंच कळलं, की उद्या शाळेत पोरं मला चिडवणार.

गावातली पोरं त्याच्यावर दगड टाकायची. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पोरांच्या मागे धावायचो, शिव्या द्यायचो, एकदा एकाचं डोकंही फोडलं. हे मी माझ्या कौतुकासाठी लिहीत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी हे माहीत असलेलं बरं.

शिकून मी क्ष-किरण आणि एमआरआयचा तंत्रज्ञ झालो. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नोकरी लागली. बोली बदलली. 'मले', 'तुले' तोंडातून गेलं. लग्न शहरातल्याच मुलीशी ठरलं आणि मी घरच्यांची ओळख करून देताना दादाबद्दल फक्त "तब्येतीने जरा नाजूक" एवढंच सांगितलं. लग्न मलकापूरला झालं. दादाने माईक स्वतःचाच आणला आणि आपणहून मांडवाच्या कोपऱ्यात अँप्लिफायरपाशी बसला. मुलीकडचे एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "ओ माईकवाले, जरा आवाज कमी करा." दादाने लगेच कमी केला. मी तिथून चार पावलांवर उभा होतो. 'अहो, ते माझे भाऊ आहेत,' हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी फेटा नीट केला.

आमच्या रुग्णालयात पुढे एक संशोधन सुरू झालं. माणसाचं डोकं एमआरआयच्या यंत्रात ठेवायचं, मेंदूच्या एका ठरावीक भागात मोठ्या सुपारीएवढा चौकोन आखायचा आणि त्या चौकोनात कोणकोणती रासायनिक द्रव्यं किती आहेत ते मोजायचं. सुई नाही, चिरफाड नाही. पडद्यावर एक रेषा उमटते. तिची उंच-ठेंगणी टोकं म्हणजे एकेक द्रव्य. मानसिक आजार असलेल्या माणसांची रेषा आणि निरोगी माणसांची रेषा यांत काही फरक सापडतो का, हा शोध. यंत्र चालवायचं काम माझ्याकडे होतं. संशोधनाच्या प्रमुख असलेल्या डॉक्टरांना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो.

आजारी माणसं मिळत होती, निरोगी मिळत नव्हती. मॅडमनी आम्हा कर्मचाऱ्यांनाच विचारलं. मी तयार झालो. अर्जात एक प्रश्न होता: आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला मानसिक आजार आहे का? शेजारी बसलेला सहकारी माझ्या कागदाकडे बघत होता. मी 'नाही' लिहिलं. माझी रेषा निरोगी माणसांच्या यादीत गेली.

इकडे दादाची तब्येत कधी नव्हती इतकी सुधारली होती. मलकापूरला एक मानसोपचाराचे डॉक्टर मिळाले होते. त्यांची औषधं लागू पडली. पोळ्यापासून लाइनवाला गप्प होता. दादाला पुन्हा लग्नाची कामं मिळू लागली. वहिनी फोनवर सांगायची, "भाऊजी, याइचं पाहा ना, आता हे हसतेत बी." त्याच मलकापूरच्या डॉक्टरांनी त्याचं नाव आमच्या संशोधनासाठी सुचवलं. दादाचा मला फोन आला. आवाजात लहान मुलासारखा आनंद. "विन्या, तुह्याच मशीनवर येऊन राह्यलो बे!"

मी घाबरलो. आडनाव एक, गाव एक. माझा खोटा अर्ज उघडा पडला असता. मी त्याला सांगितलं, "दादा, तिथं ओळखीच्या माणसाला घेत नाहीत. आपलं नातं सांगू नको." मग तो म्हणाला, "बरं. मंग मी साहेबाच्या गावचा. तेवढं तं खरं हाये ना?" आणि हसला.

ठरल्या दिवशी दादा आणि वहिनी मलकापूरहून रेल्वेने आले. दादाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मॅडमनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, आणि हेही सांगितलं, की यातून तुमचा एकट्याचा असा काही रिपोर्ट निघणार नाही. दादा त्यांच्या ओठांकडे बघत मन लावून ऐकत होता. म्हणाला, "नसू द्या मॅडम. एका घराले कान लावून गावाचं भांडन समजत नाही. समदी घरं आइका लागते." मॅडमना हे फार आवडलं. त्यांनी हौसेने पुढचंही सांगितलं, की मेंदूत पाणीच सगळ्यात जास्त, त्याचा गोंगाट आधी दाबावा लागतो, तेव्हा बाकीची बारीक द्रव्यं कळतात. दादा लगेच म्हणाला, "हाव. बँड थांबल्याशिवाय नवरीच्या मायचं रडनं कुठं आइकू येते?"

यंत्र पाहून तो खुलला. "भोंग्याच्या मांगं चुंबक असते, तेच हे," तो वहिनीला म्हणाला. "फक्त दहा बैलांचं." मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात धोक्याच्या घंटीचा रबरी चेंडू दिला. तो माझ्या ओठांकडे बघत होता. "घाबरू नका," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मी 'तुम्ही' म्हटलं. "नाही साहेब," तो म्हणाला. डोळे मिचकावल्यासारखं केलं. त्याला तो आमच्या दोघांचा खेळ वाटत होता.

मी काचेमागच्या खोलीत आलो. तिथून पेशंटशी बोलायला एक माईक असतो. बटण दाबलं की तांबडा दिवा लागतो आणि आपलं बोलणं पेशंटच्या कानात जातं. पुन्हा दाबलं की बंद. "आता अजिबात हलू नका," असं सांगून मी मोजणी सुरू केली. या मोजणीत यंत्र फार गोंगाट करत नाही, नुसती टकटक चालू असते. मॅडम माझ्या मागे, माईकपासून लांब खुर्चीत बसल्या होत्या.

"तुमच्याच गावचे ना हे?" त्यांनी विचारलं. "आडनावही एकच. नात्यातले का?"

"छे हो मॅडम," मी हसलो. "माझा कोणी नाही तो. आमच्याकडे अर्ध्या गावाचं हेच आडनाव आहे. गावातला येडा आहे हा. आम्ही पोरं दगड मारायचो याला."

मॅडम हसल्या नाहीत. "अरेरे," एवढंच म्हणाल्या. आणि त्याच वेळी पडद्यावरची रेषा विस्कटली. टोकं पसरली, एकमेकांत मिसळली. "हलले वाटतं. परत घ्या," मॅडम म्हणाल्या. मी हात पुढे केला आणि पाहिलं. माईकचा तांबडा दिवा चालूच होता.

मी तो बंद केला. मॅडमना काही कळलं नाही. दुसऱ्यांदा मोजणी घेतली तेव्हा दादा दगडासारखा निश्चल पडून होता. रेषा इतकी स्वच्छ आली, की मॅडम म्हणाल्या, "असा पेशंट रोज मिळावा."

संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना पोचवायला गेलो. वहिनी बाटलीत पाणी भरायला नळाकडे गेली. दादा बाकावर बसला होता. तो माझ्याकडे वळला, माझ्या ओठांवर नजर ठेवली.

"विन्या, एक इचारू? आतमधी मले तुहा आवाज आला."

"काय म्हणाला?"

"म्हने, माहा कोनी नाही तो. गावातला येडा हाये. म्हने, आमी पोट्टे दगड मारू याले." तो थांबला. "तू बोलला का बे? बोलला असशीन तं सांग. मले राग नाही येनार. पन समजलं पाह्यजे. पोळ्यापासून लाइनवाला बंद हाये. तू नसशीन बोलला, तं तो परत आला. डॉक्टरले सांगा लागीन."

यापेक्षा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नाही. एक 'हो' म्हणायचा होता. हो म्हटलं असतं तर दादा बरा होता.

"नाही दादा," मी म्हणालो. "मी असं कशाला बोलेन?"

माझे ओठ हलताना त्याने पाहिले. त्याचा चेहरा मोकळा झाला. हे मला सगळ्यात जड जातं. त्याला बरं वाटलं. "मी बी तेच म्हनलं," तो म्हणाला. "विन्यानं माह्यावर कधी खडा उचलला नाही, उलट पोट्ट्याइच्या मांगं धावे. मंग तो असं काऊन म्हनन? लाइनवालाच असन. बदमाश हाये, आता तुहा आवाज काढून राह्यला." वहिनी पाणी घेऊन आली तेव्हा तो तिला म्हणाला, "अवो, आवाज परत आला वाटते. पन विन्या नव्हता बोलला. बरं झालं."

भावाने आपल्याला येडा म्हटलं यापेक्षा आपण पुन्हा आजारी पडलो, हे त्याने आनंदाने पत्करलं. गाडी आली. मी खिडकीतून त्याचा हात हातात घेतला, तेही खोटंच.

मलकापूरच्या डॉक्टरांची काही चूक नाही. पेशंट सांगतो आवाज परत आला, म्हणून त्यांनी औषध वाढवलं. दादा दिवसभर पेंगू लागला. हात कापायचे, वायरीचं टोक स्क्रूखाली बसेना. दोन लग्नांत माईक वेळेवर सुरू झाला नाही, मग लोकांनी बोलावणं सोडलं. त्याने भोंगे माळ्यावर टाकले. माझे फोनही घेईनासा झाला. वहिनीने जबरदस्तीने कानाला लावला तर म्हणायचा, "फोनात तुहे ओठ दिसत नाहीत बे. घरी ये, मंग बोलू." त्यानंतरच्या दीड वर्षात मी घरी दोनदा गेलो.

दुसऱ्या खेपेला समोरच्या घरी साखरपुडा होता. परक्या गावाहून माईकवाला आणला होता. माईकमधून शिट्टी सुरू झाली, कान किटेपर्यंत वाजत राहिली. पूर्वीचा दादा असता तर रस्ता ओलांडून धावला असता, भोंग्याचं तोंड फिरवून आला असता. तो ओट्यावर माझ्याशेजारी बसून होता. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला, "विन्या, तुले बी आइकू येते का शिट्टी?"

"हो दादा. येते."

"मंग खरी हाये," तो म्हणाला आणि बसून राहिला.

त्या ओट्यावर मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वहिनीने चहा आणला आणि मी चहा चांगला झालाय असं म्हणालो.

त्यानंतर महिन्याभरात दादा गेला. सकाळी छातीत दुखलं, मलकापूरला नेईपर्यंत संपला. औषधाचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण माझा प्रश्न तो मेला कसा हा नाही. शेवटची दीड वर्षं तो जगला कसा, हा आहे.

पुढे कित्येक महिने मी गप्प होतो. शेवटी एका दुपारी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं: अर्ज, दादा, माईक. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "सख्खे भाऊ? एक आजारी, एक निरोगी? अहो, अशी भावंडं आम्ही शोधत असतो. रक्त एक, घर एक, मग एकालाच का, हे त्यांच्यावरूनच थोडं कळू शकतं. तुम्ही खरं लिहिलं असतंत तर तुम्हा दोघांच्या रेषा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या." माझी रेषा निरोगी माणसांच्या यादीतून त्यांनी काढून टाकली. पुढची सगळी आकडेमोड त्यांना पुन्हा करावी लागली. मला त्या कामावरून काढलं, ते योग्यच केलं. दादाची रेषा यादीत राहिली. ती खरी होती.

वर्षश्राद्धाला मी धामणगावला गेलो. अंगणात पंगतीची तयारी चालली होती, पन्नासेक माणसं जमली होती. वहिनी आत चुलीपाशी होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. काही वगळलं नाही, काही सौम्य केलं नाही. ती कढईतलं ढवळत ऐकत होती. मग हात थांबला.

"म्हंजे तो आवाज खरा होता?"

"हो."

"तुमीच बोलले होते?"

"हो वहिनी."

"म्हंजे ते बरे होते." तिने कढई उतरवून ठेवली. "भाऊजी, वाढीव गोळी घ्याले नाही म्हनत होते ते. म्हने, मले झोप नको, काम पाह्यजे. मी नरडं धरून चारली. दीड वर्स. रोज. बऱ्या मानसाले."

मी तिच्या पायांवर हात ठेवायला गेलो. तिने पाय मागे घेतले.

"मले सांगून काय होते? बाहेर बसले ना समदे. त्याइले येडा म्हनतच गेले ते. तिथं जाऊन सांगा."

मी अंगणात आलो. लोक पानांवर बसत होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की माझ्या भावाचा आजार आटोक्यात आला होता, त्याला शेवटी ऐकू आलेला आवाज माझा होता, त्याला येडा मी म्हटलं आणि नंतर मीच नाकारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं बोल बे, आइकू नाही येऊन राह्यलं." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने.

ओठांकडे बघण्यावरून दादाला टोकणारी ती शेजारची म्हातारी, आता तिला नीट दिसतही नाही, तिने फक्त "अरे बाप्पा" म्हटलं आणि डोळ्यांना पदर लावला. मी चपला शोधू लागलो. जेवायला थांबण्याचं तोंड मला नव्हतं.

वहिनी दारात आली. हातात वाढायचं ताट होतं, डोळे कोरडे होते.

"कुठं चालले?" ती म्हणाली. "तुमच्या पानाशिवाय पंगत उठत नाही. भाऊ हाये तुमी त्याइचे. बसा."

मी बसलो. तिने वाढलं. त्या पानावरून उठायचा हक्क मला नव्हता. पान संपेपर्यंत मी जेवलो.